कर्करोगाचा प्रसार (मेटास्टॅसिस)

मूळ गाठीतून सुटलेल्या कर्कपेशी शरीरात दुसरीकडे रुजून तिथे नवी गाठ तयार करतात, त्याला मेटास्टॅसिस म्हणतात. चरबीच्या गाठीसारखी साधी गाठ कितीही वाढली तरी जागा सोडत नाही. दुर्दम, म्हणजे कर्करोगाची, गाठ मात्र शेजारच्या ऊतींत घुसते. कर्करोगाचे बहुतेक बळी मूळ गाठ नव्हे, तर हा प्रसारच घेतो.

गाठ एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी व्हायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो. त्यासाठी ती नव्या केशवाहिन्या ओढून घेते. या वाहिन्या कच्च्या आणि गळक्या असतात, म्हणून पेशींना त्यांतून बाहेर पडायला वाटही मिळते. एकमेकींना धरून ठेवणारी ई-कॅडहेरिनसारखी प्रथिने कमी झालेल्या पेशी विकरांनी (एन्झाइम) खालचे आधारपटल, म्हणजे पेशींखालचा पातळ पडदा, विरघळवतात आणि रक्तात किंवा लसिकेत (लिम्फ) शिरतात. तिथे बहुतेक मरतात; तगून रुजणाऱ्या फारच थोड्या.

त्या कुठे रुजतात? लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी वारंवार आढळल्या, प्लीहेत क्वचित. बी सगळीकडे पडते, पण मानवेल त्या जमिनीतच उगवते, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स ईविंग यांनी सारा भर रक्तप्रवाहाच्या वाटेवर दिला. वाद ताणला गेला, पण दोघांचेही खरे आहे: मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात जातो तो आतड्याचे रक्त यकृतात नेणाऱ्या प्रतिहारी शिरेच्या वाटेने, प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत इतका का रमतो, हे मात्र नुसत्या वाटेने उलगडत नाही. हाडात गेलेला स्तनाचा कर्करोग स्तनाचाच राहतो आणि उपचारही त्याचेच होतात.

‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही आपल्याकडची भीती चिवट आहे. बायोप्सीमुळे (गाठीचा नमुना काढून तपासण्यामुळे) पेशी पसरणे अत्यंत दुर्मीळ. या भीतीपायी तपासणी लांबवण्याचा धोका कितीतरी मोठा.

तंबाखू-गुटख्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग सहसा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींत उतरतो. सुरुवातीच्या टप्प्यात मानेत गाठ हाताला लागत नसेल, तरी ग्रंथी काढाव्यात की वाट पाहावी? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच ग्रंथी काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसल्यावर ग्रंथी काढण्याचे धोरण ठेवलेल्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के होते.