वऱ्हाडातल्या पोथ्या: कुलूप, नक्कल आणि सातशे वर्षांचा धाक

केंद्र सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम्’ मोहीम जाहीर केली. देशातल्या एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन करायचे, असे तिचे उद्दिष्ट आहे. विदर्भात या कामाची खरी जागा नागपूरच्या ग्रंथालयांत कमी आणि खेड्यापाड्यांतले मठ, जैन मंदिरे, जुन्या वाड्यांतली देवघरे इथे जास्त आहे. तिथे पोथी पाहायला मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘कशाले पाह्यजे?’ पोथी नेतील आणि परत आणणार नाहीत, छापतील आणि भलताच अर्थ लावतील, ही त्या प्रश्नामागची धास्ती. शहरातून आलेल्या माणसाला तो आडमुठेपणा वाटतो. पण या धास्तीला मोठा इतिहास आहे, आणि तो समजून न घेता स्कॅनर घेऊन गावात जाणाऱ्याला दार उघडले जाणार नाही.

सुरुवात रिद्धपूरपासून करावी लागते. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले हे गाव महानुभाव पंथाचे मोठे तीर्थ. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू यांचे वास्तव्य इथलेच. चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याभोवती अनुयायी इथे जमले, आणि तेराव्या शतकाच्या शेवटच्या पादात म्हाइंभटांनी इथेच चक्रधरांच्या लीळांचे, म्हणजे त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे, लीळाचरित्र लिहिले. त्यांची पद्धत आजच्या संशोधकालाही नमुना वाटावी अशी होती. ज्याने जी लीळा पाहिली किंवा ऐकली, त्याला गाठायचे, विचारायचे, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचे आणि मग लिहायचे. मराठीतला हा आद्य गद्य चरित्रग्रंथ माणसांच्या आठवणी वेचून उभा राहिला.

तो मूळ ग्रंथ मात्र टिकला नाही. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीवर उत्तरेकडच्या फौजा आल्या. त्या धामधुमीत पंथाचे ग्रंथ गेले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना लीळा तोंडपाठ होत्या त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा लिहून काढण्यात आला. म्हणूनच लीळाचरित्राचे अनेक पाठ मिळतात. त्यातला एक हिराइसेचा पाठ म्हणून ओळखला जातो. बाईच्या स्मरणशक्तीच्या आधारे उभा राहिलेला पाठ तिच्या नावाने सातशे वर्षे चालत आला, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. कागद गेला तेव्हा ग्रंथ वाचला तो अनेकांच्या मुखी असल्यामुळे.

एकदा असे हातचे गेल्यावर माणूस जपू लागतो. पंथातल्या पुढच्या पिढ्यांनी ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतले. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा अशा दोन डझनांच्या आसपास लिप्यांची नावे मिळतात. सकळ लिपीचे श्रेय रवळोबासांना दिले जाते. तत्त्व साधे: अक्षरांची ठरवून केलेली अदलाबदल. किल्ली ठाऊक असलेल्याला पोथी मराठीसारखीच सरळ वाचता येई, बाकीच्यांना तो अर्थहीन अक्षरांचा ढीग दिसे. परक्यांच्या हाती ब्रह्मविद्या, म्हणजे पंथाचे तत्त्वज्ञान, पडू नये, चुकीच्या वाचनाने तिची विटंबना होऊ नये आणि शुद्ध पाठ टिकावा, अशी तिन्ही कारणे सांगितली जातात. पंथ पुढे पंजाबात गेला, तिथे ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखला गेला, पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. वऱ्हाडातल्या मराठीच्या पोथ्या तिकडेही नकलल्या गेल्या. म्हणजे लिपी बंद होती, पण त्या बंद लिपीतच प्रती दूरवर पसरत होत्या. राखणे आणि पसरवणे ही दोन्ही कामे पंथाने एकाच वेळी केली, फक्त आपल्या माणसांपुरती.

याची किंमतही पडली. महानुभावांविषयी बाहेर गैरसमज वाढत गेले आणि त्यांना उत्तर देऊ शकतील असे ग्रंथ गाठोड्यांतच राहिले. मराठी गद्याचा इतका जुना आणि इतका जिवंत ठेवा विद्वानांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ ठाऊक नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांनी या वाङ्मयाकडे लक्ष वेधले आणि मग विदर्भातलेच लोक कामाला लागले. यवतमाळच्या शारदाश्रमात य. खु. देशपांडे यांनी हस्तलिखिते जमवली, त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ 1925 मध्ये आले. नागपुरात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग संपादून छापले. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलसारख्या लहान गावातून आलेले वि. भि. कोलते यांनी तर आयुष्यच या पोथ्यांत घातले. लिपी उलगडणे हा या कामाचा एक भाग, पण पोथी हातात येण्यासाठी महंतांचा विश्वास लागे. तो अनेक महंतांनी दिला. त्या महंतांची नावे ग्रंथांच्या प्रस्तावनांत कुठेतरी असतात. मुखपृष्ठावर ती कधी आली नाहीत, याची खंत वाटते.

आता दुसरे गाव. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे जिथून जायची ते कारंजा (लाड). बहुतेकांना ते नृसिंहसरस्वतींचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते. पण इथे दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत, बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची, आणि त्यांच्यासोबत भट्टारकांनी, म्हणजे जैन पीठांच्या धर्मगुरूंनी, जमवलेली ग्रंथभांडारे. व्यापारी पेठेचे गाव, हातात पैसा, आणि जैन समाजात शास्त्रदानाला मोठे पुण्य. कुणी व्रत पूर्ण झाले म्हणून ग्रंथ लिहवून घेई, कुणी आईच्या नावे. पोथीच्या शेवटी पुष्पिकेत त्याची नोंद असते: कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली. गावाचा इतिहास लिहायचा तर या चार ओळींइतके पक्के साधन क्वचितच मिळते.

या भांडारांची राखण कशी चाले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पोथीच्या पानांना वर-खाली लाकडी पाट्या, त्यावर कापडी वेष्टन घट्ट बांधलेले, कपाटात वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला. काजळाची शाई कागदाला खात नाही, चुकलेल्या अक्षरावर लावलेली हरताळ विषारी असल्याने किडीलाही रोखते. ‘तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका’, अशी विनवणी पोथीच्याच तोंडी घालणारा श्लोक लेखनिक शेवटी लिहीत. त्यातली सैल बांधणी सहज वाचून जाऊ नये. घट्ट बांधलेल्या पोथीत दमट हवा आणि कसर शिरत नाही, पाने वाकडी होत नाहीत.

आणि वर्षातून एकदा श्रुतपंचमी. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला जैन मंदिरांत ग्रंथ बाहेर काढतात, झटकतात, वेष्टने बदलतात, पूजा करतात. ही तिथी मे-जूनच्या सांध्यावर येते. विदर्भाचा कडक उन्हाळा सरत आलेला असतो, हवा अजून कोरडी असते, आणि मृगाचा पाऊस तोंडावर असतो. पोथ्या उघडून वारा देण्यासाठी आणि पावसाळ्यासाठी पुन्हा बांधून ठेवण्यासाठी याहून चांगला आठवडा आपल्या हवामानात नाही. धार्मिक रिवाजाने जतनाचे काम वेळापत्रकात बसवून दिले. जिथे श्रुतपंचमी नुसत्या पूजेपुरती उरली आणि गाठी सोडणे थांबले, तिथे वाळवीने डाव साधला.

बाहेरच्या जगाला कारंजा कळले ते याद्यांमुळे. मध्य प्रांतातल्या संस्कृत हस्तलिखितांची एक यादी कीलहॉर्न यांनी केली होती, ती 1874 मध्ये नागपुरात निघाली. तेव्हा वऱ्हाड वेगळे होते, ते मध्य प्रांताला 1903 मध्ये जोडले गेले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळून मोठी यादी केली रायबहादूर हिरालाल यांनी, 1926 मध्ये. तिच्यात कारंज्याच्या भांडारांतले अपभ्रंश भाषेतले ग्रंथ ठळकपणे समोर आले. मराठीच्या पूर्वपिढीची ही भाषा, आणि तिचे हजार वर्षांपूर्वीचे काव्य वऱ्हाडातल्या एका बाजारपेठेच्या गावात बांधून ठेवलेले! अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी ते काम अंगावर घेतले. (रायबहादूर हिरालाल वेगळे, हे वेगळे. घोटाळा नेहमी होतो.) कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य यांनी संपादलेले अपभ्रंश कवी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ 1931 मध्ये आले, हिरालाल जैन यांनी संपादलेले ‘णायकुमारचरिउ’ 1933 मध्ये, ‘करकंडचरिउ’ 1934 मध्ये. ग्रंथमालेला चवरे घराण्याचे नाव आणि पैसा होता. ज्या गावात पोथी होती, त्याच गावाच्या नावाने आणि गावकऱ्याच्या पैशाने ती छापली गेली, हे विसरता कामा नये.

राखणे आणि वाटणे यांतला ताण सर्वांत तीव्रपणे दिसतो तो षट्खंडागमाच्या कहाणीत, आणि तिचा शेवटचा मोठा अध्याय अमरावतीचाच आहे. हा दिगंबर जैनांचा अत्यंत प्राचीन सिद्धांतग्रंथ. श्रुतपंचमी साजरी होते तीच तो पूर्ण झाल्याच्या स्मरणार्थ. वीरसेनांच्या नवव्या शतकातल्या ‘धवला’ टीकेसह त्याच्या ताडपत्राच्या प्रती कर्नाटकातल्या मूडबिद्रीला जुन्या कानडी लिपीत होत्या. यात्रेकरूंना ताडपत्रांचे दर्शन मिळे, वाचन नाही. ताडपत्रे झिजू लागली तेव्हा सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्कल सुरू झाली. अट अशी की नक्कल मूडबिद्रीबाहेर जाता कामा नये. नक्कल करणाऱ्या गजपति शास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने गुपचूप आणखी एक प्रत उतरवली. ती सहारनपूरला गेली. तिथे तिचे देवनागरी करताना सीताराम शास्त्रींनी स्वतःसाठी पुन्हा एक प्रत ठेवली. त्या प्रतीच्या प्रती अमरावती, कारंजा, बिहारमधले आरा अशा गावी पोचल्या.

हिरालाल जैन यांनी अमरावतीत बसून संपादनाला घेतल्या त्या याच तीन गावच्या प्रती. फूलचंद्र शास्त्री आणि हिरालाल शास्त्री (हे तिसरे हिरालाल) सोबत होते. पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून निघाला. पुढे वीस वर्षांत सोळा खंड पूर्ण झाले.

अट मोडून ग्रंथ बाहेर आला, हे खरे. तरीही मी लक्ष्मीबाईंच्या बाजूने आहे. त्यांनी केले नसते तर हा ग्रंथ आणखी एक-दोन पिढ्या केवळ दर्शनाचा राहिला असता. पण मूळ ताडपत्रे जिवापाड राखणाऱ्यांचे महत्त्वही याच संपादनाने सिद्ध केले. पहिल्या भागातल्या 93 व्या सूत्रात ‘संजद’ (संयत, म्हणजे महाव्रते घेतलेला) हा शब्द असायला हवा, असे संपादकांना वाटले. हाताशी असलेल्या प्रतींत तो नव्हता. स्त्रीला मोक्ष मिळू शकतो का, या जुन्या वादाशी जोडलेला शब्द, त्यामुळे समाजात मोठी खळबळ झाली. पुढे मूडबिद्रीकरांनी ताडपत्रांशी पडताळणी करू दिली तेव्हा तो शब्द तिथे सापडला. नकलेची नक्कल करताना निसटलेले अक्षर मूळ जपून ठेवले होते म्हणून परत मिळाले.

हा तिढा फक्त आपल्याकडचा समजू नये. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये ग्रंथ साखळीने कपाटाला बांधलेले आहेत: तिथेच वाचा, न्यायचे नाही. त्याच कॅथेड्रलने 1988 मध्ये इमारतीच्या खर्चासाठी मध्ययुगीन जगाचा नकाशा विकायला काढला, लोक खवळले, देणग्या उभ्या राहिल्या, नकाशा गावातच राहिला आणि त्याच्यासाठी नवी इमारत 1996 मध्ये उभी झाली. आपल्या गावच्या मठाचे छत गळते तेव्हा पोथी विकू नये असे सांगणाऱ्यांनी छताचे पैसेही उभे करायला हवेत.

छापून आले म्हणजे प्रश्न संपतात असेही नाही. कोलत्यांनी अनेक पाठ तपासून सिद्ध केलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1978 मध्ये काढले. काही लीळांवरून पंथीयांनी हरकत घेतली आणि शासनाला त्याची विक्री थांबवावी लागली. ज्यांच्या विश्वासावर पोथ्या मिळाल्या त्यांना दुखावून ग्रंथ बाजारात आला, आणि मग तो कुणालाच सहज मिळेना. दोन्ही बाजूंचे नुकसान झाले. माझ्या मते संपादन थांबायला नको होते, पण पोथी देणाऱ्याशी बोलणे मात्र छापण्याआधी, छापताना आणि छापल्यावरही चालू राहायला हवे होते.

आज साधने आहेत. राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम 2003 पासून होती, रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ 1997 पासून आहे, आणि आता रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. त्याचे पहिले कुलगुरू 2024 मध्ये नेमले गेले. तेराव्या शतकात ज्या गावात म्हाइंभट लीळा गोळा करत होते, तिथे हे विद्यापीठ व्हावे याचा आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. त्याच्याकडून पहिली अपेक्षा आहे ती गावोगावच्या गाठोड्यांची नोंद. पोथी तिच्या जागीच राहू द्यावी. पानांना क्रमांक घालून फोटो काढावेत, पहिली ओळ, शेवटची ओळ आणि पुष्पिका उतरवून घ्यावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये बंद करू नये. सुती कापड आणि घट्ट गाठ आजही पुरते. जीर्ण पोथी नदीत सोडण्याची रीत अजून आहे, तिथे सोडण्यापूर्वी एकदा दाखवा, एवढे घरोघरी जाऊन सांगावे लागेल. आणि काढलेल्या छायाचित्रांचा एक संच, छापील यादीसह, त्या मठाला, मंदिराला किंवा घराला त्याच महिन्यात परत पोचवावा. ‘कशाले पाह्यजे?’ असे विचारणाऱ्या माणसाला दाखवायला मग शेजारच्या गावची यादी हातात असेल.