नाहुआत्ल लिपीतील निसर्गवाचक व्यक्तिनामे

मध्य मेक्सिकोतील नाहुआत्लभाषक समाजांनी व्यक्तिनामे नोंदवण्यासाठी वापरलेली, पशुपक्षी, वनस्पती, पाणी आदींच्या आकृतींवर आधारलेली चिन्हे. हस्तलिखितांत ही चिन्हे मनुष्याकृतीच्या डोक्याजवळ काढलेली असून बहुधा एका बारीक रेषेने तिला जोडलेली असतात. उपलब्ध चिन्हांपैकी बहुसंख्य स्पॅनिश विजयानंतरच्या (१५२१) हस्तलिखितांत आढळतात. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील मेंडोझा हस्तलिखितात (सु. १५४१) अ‍ॅझ्टेक राजांची नावे आहेत, तर उएशोत्सिंको येथील १५६० च्या नोंदवहीत सामान्य कुटुंबप्रमुखांची हजारो नावे आहेत, लिपीच्या अभ्यासाला ही दुसरी नोंदवहीच अधिक मोलाची म्हणावी लागेल.

अनेक नावे २६० दिवसांच्या पंचांगातून आलेली आहेत. त्यातील वीस दिनचिन्हांत मगर, सरडा, साप, हरीण, ससा, माकड, गरुड, बोरू, फूल यांचा समावेश होतो. दिननामात चिन्हाबरोबर १ ते १३ पैकी एक अंक असे. तो दाखवणारे ठिपके व्यक्तिनामात मात्र पुष्कळदा गाळलेले दिसतात.

इतर नावांच्या लेखनात लिपीचे खरे कसब दिसते. अकामापिच्त्ली (‘मूठभर बोरू’) हे नाव बोरूंची जुडी धरलेल्या हाताने, तर क्वाउतेमोक (‘झेपावत उतरलेला गरुड’) हे खाली तोंड केलेल्या गरुडाने लिहीत. येथे क्रियापदासाठी वेगळे चिन्ह न काढता पक्ष्याची दिशाच ते काम करते. इत्स्कोआत्ल (‘ऑब्सिडियन-सर्प’; ऑब्सिडियन म्हणजे काळी ज्वालामुखीजन्य काच) या राजाच्या नावासाठी मेंडोझा हस्तलिखितात पाठीवर ऑब्सिडियनची पाती असलेला साप आहे. व्हेर्गारा हस्तलिखितात याच नावाच्या दुसऱ्या एका व्यक्तीसाठी साप नाहीच: ऑब्सिडियनचे पाते (‘इत्स’), मडके (‘को’) आणि पाणी (‘आ’) यांतून केवळ उच्चार साधला आहे. त्यामुळे चिन्हात दिसणारी वस्तू नावाच्या अर्थात असेलच, असे गृहीत धरता येत नाही. ही लिपी केवळ चित्रमय नसून ध्वनिलेखनही करते, हे फ्रेंच अभ्यासक ओबँ यांनी एकोणिसाव्या शतकात अशाच उदाहरणांवरून मांडले.

स्त्रियांची नावे या हस्तलिखितांत तुलनेने थोडी आहेत. करनोंदी मुख्यतः पुरुषांच्या नावे होत आणि मुलींना पुष्कळदा तेयाकापान (थोरली), त्लाको (मधली) अशी जन्मक्रमदर्शक नावे ठेवीत. बाप्तिस्म्यानंतर स्पॅनिश नाव आधी आले, तरी जुने नाहुआत्ल नाव त्याच्यामागे अनेकांनी टिकवून ठेवले.