पाचावर आणखी एक

अंगणवाडीतले चार वर्षांचे मूल दहापर्यंतचे आकडे घडाघडा म्हणते आणि घरच्यांना वाटते की त्याला मोजता येऊ लागले. समोर चिंचोक्यांचा ढीग ठेवून ‘मला तीन दे’ म्हटले, की अशांपैकी बरीच मुले मूठभर चिंचोके उचलून देतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच पद्धतीने मुलांची पारख केली होती. मुलाला आधी केवळ ‘एक’चा अर्थ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’चा, मग ‘तीन’चा, आणि त्यानंतरच, बहुधा साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास, मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच एकूण वस्तू, हे त्याच्या ध्यानात येते.

मात्र एवढ्याने ‘आणखी एक’ कळत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. मुलादेखत डब्यात पाच चिंचोके टाकून झाकण लावावे, ‘यात पाच आहेत’ असे सांगावे, मग झाकण किंचित उचलून एक चिंचोका आत सोडावा आणि विचारावे, ‘आता सहा झाले की सात?’ नीट मोजू शकणारी मुलेही येथे अंदाजाने काहीतरी सांगतात किंवा थेट झाकणालाच हात घालतात. ‘पाचानंतर कोण?’ या प्रश्नालाही अनेकांना एकपासून म्हणत यावे लागते, कारण पाठ केलेली ओळ त्यांना मधूनच धरता येत नाही. चारावर एक म्हणजे पाच, हे सांगणारे मूल चोविसावर अडते. एक वाढला की मोजणीतला पुढचा आकडा येतो, हा नियम कोणत्याही संख्येला लागू आहे ही जाण येईतो बहुतेक मुले साडेपाच-सहा वर्षांची होतात. यात नवल नाही, कारण इटालियन गणितज्ञ पेआनो यांनाही १८८९ मध्ये ‘प्रत्येक संख्येला पुढची संख्या असते’ हे गृहीतकच म्हणून मांडावे लागले होते.

म्हणून पालकांच्या आग्रहाखातर पाटीवर ‘५ + १ = ६’ गिरवून घेणे मला व्यर्थ वाटते. खिचडीच्या पंगतीला नऊ ताटल्या मांडून झाल्यावर आणखी एक पोरगं आले, तर ताईंनी पुन्हा पहिलीपासून मोजू नये. ‘नऊ होत्या, ही आणखी एक, आता किती?’ असे विचारून थोडे थांबावे. मुलाने पहिल्यापासून मोजलेच तर मोजू द्यावे, आणि नंतर तोच प्रश्न झाकलेल्या डब्यावर विचारावा, म्हणजे मोजायला समोर काही उरत नाही. वस्तूही बदलत्या ठेवाव्यात: आज तुरीच्या शेंगा, उद्या पऱ्हाटीची बोंडे. (अगदी लहानांच्या हाती चिंचोके देऊ नयेत; ते नाका-कानात जातात.) ‘एक कमी’ मात्र लगेच जोडीला घेऊ नये, कारण त्यासाठी आकडे उलटे यावे लागतात, दहाच्या आतले ‘आणखी एक’ न मोजता येऊ लागले, की मग ते सुरू करावे.