ब्लॅक वॉच

ब्लॅक वॉच ही ब्रिटिश लष्करातील स्कॉटलंडची पायदळ पलटण असून तेथील डोंगराळ हायलंड प्रदेशातून उभ्या राहिलेल्या पलटणींत ती सर्वांत जुनी आहे. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने १७१५ मध्ये झालेल्या उठावानंतर या मुलखावर वचक राहावा म्हणून जनरल जॉर्ज वेड याने १७२५ मध्ये कॅम्पबेल, ग्रँट, मन्रो, फ्रेझर अशा राजनिष्ठ कुळांतून सहा स्वतंत्र तुकड्या उभारल्या. लोकांची हत्यारे काढून घेणे आणि गुरांच्या चोऱ्या रोखणे ही त्यांची कामे होती. तांबड्या डगल्यांच्या नियमित फौजेपासून हे पहारेकरी वेगळे दिसत ते त्यांच्या गडद चौकड्याच्या कापडामुळे, आणि ‘काळा पहारा’ या अर्थाचे हे नाव सामान्यतः त्या कापडावरूनच पडल्याचे मानले जाते.

या तुकड्यांची १७३९ मध्ये पलटण करण्यात आली व पुढे तिला ४२ हा क्रमांक मिळाला. आपण फक्त आपल्याच मुलखात चाकरी करायची आहे, असे शिपायांना वाटत होते. त्यामुळे १७४३ मध्ये लंडनला नेल्यावर आपल्याला तापाने ग्रासलेल्या वेस्ट इंडीजला धाडणार, अशी आवई उठताच शंभराहून अधिक जण रातोरात घराकडे निघाले. ते पकडले गेले आणि तिघांना लंडनच्या टॉवरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. सरकारने त्यांना दिलेल्या वचनाची संदिग्धता या शोकांतिकेच्या मुळाशी होती.

या पलटणीचा टार्टन, म्हणजे तिचे चौकड्याचे कापड, गडद निळा, काळा व हिरवा अशा तीन रंगांचा असतो. ताण्यात रंगांचा जो क्रम, तोच बाण्यात. वीण तिरकी असल्यामुळे हिरवा धागा काळ्याला छेदतो तेथे जवळून बारीक तिरप्या रेघा दिसतात आणि दुरून तिसराच काळपट हिरवा रंग भासतो. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध एक बारीक काळी रेघ असते. तिच्या जागी पिवळी रेघ आली की गॉर्डन हायलंडर्स या दुसऱ्या हायलंड पलटणीचा टार्टन तयार होतो. १७४६ च्या कायद्याने हायलंडच्या पुरुषांना टार्टनचा पारंपरिक पोशाख निषिद्ध झाला, सैनिकांना मात्र सूट होती. १७८२ मध्ये बंदी उठेपर्यंत तो उघडपणे वापरण्याचा मार्ग पलटणीतूनच जात होता.

पलटणीच्या दुसऱ्या बटालियनने १७८३-८४ मध्ये टिपू सुलतानाच्या वेढ्यात मंगळूर लढवले. १७८६ मध्ये ती ७३ वी पलटण म्हणून वेगळी झाली, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत उतरली आणि १८८१ मध्ये मूळ पलटणीत परत आली.

२००६ मध्ये ब्लॅक वॉच रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडची तिसरी बटालियन झाली. टोपीवरचा लाल तुरा तिने राखला आहे, आणि त्या संपूर्ण रेजिमेंटचा किल्ट (गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा) आता याच विणीच्या किंचित फिकट छटेचा असतो.