वेस्टर्न लीग (बेसबॉल)

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील दुय्यम दर्जाची व्यावसायिक बेसबॉल साखळी. अमेरिकेतील दोन प्रमुख बेसबॉल साखळ्यांपैकी एक असलेली आजची अमेरिकन लीग हिच्यातूनच उभी राहिली. या नावाची १८८५ मधील पहिली साखळी जूनमध्येच मोडली. अशा साखळ्यांचा सारा संसार तिकीटविक्रीवर चाले. एक संघ बुडाला की त्याच्याशी ठरलेले सामने रद्द होत, बाकीच्यांची आवक घटे आणि तेही गळू लागत.

१८९३ च्या अखेरीस सिनसिनाटीचे क्रीडापत्रकार बॅन जॉन्सन पुन्हा उभ्या केलेल्या वेस्टर्न लीगचे अध्यक्ष झाले. १८९४ च्या मोसमात आठ संघ उतरले: सू सिटी, टोलेडो, कॅन्सस सिटी, मिनियापोलिस, मिलवॉकी, इंडियानापोलिस, ग्रँड रॅपिड्स आणि डेट्रॉइट. सू सिटीने विजेतेपद मिळवले, पण पुढच्याच वर्षी नवे मालक चार्ल्स कॉमिस्की यांनी तो संघ सेंट पॉलला नेला. त्या काळी बहुतेक सामन्यांना एकच पंच असे आणि खेळाडू त्याच्या अंगावर धावून जात. जॉन्सन यांनी दंड व निलंबनाचा बडगा उगारून पंचांना पाठबळ दिले. साखळीची पत वाढली ती मुख्यतः यामुळेच.

या काळातील फलंदाजीचे आकडे जपून वाचावेत. मिनियापोलिसच्या पेरी वर्डेनने १८९५ च्या मोसमात ४५ होम रन (सहसा कुंपणापलीकडे मारलेले फटके) मारले. एका मोसमातील होम रनचा हा विक्रम ख्यातनाम फलंदाज बेब रूथने १९२० मध्ये मोडला. मात्र घरच्या अ‍ॅथलेटिक पार्कचे कुंपण इतके जवळ होते की इतरत्र झेल ठरणारा फटका तिथे मैदानाबाहेर जाई.

खरी गोची होती ती खेळाडू टिकवण्याची. प्रमुख आणि दुय्यम साखळ्यांमधील करारानुसार नॅशनल लीगचे (तेव्हाच्या प्रमुख साखळीचे) संघ ठरावीक रक्कम मोजून दुय्यम साखळीतला कोणताही चांगला खेळाडू उचलू शकत; मूळ संघाला नकाराधिकार नव्हता. जॉन ब्रश यांच्याकडे सिनसिनाटी आणि इंडियानापोलिस हे दोन्ही संघ होते. ते वेस्टर्न लीगमधील प्रतिस्पर्ध्यांचे खेळाडू सिनसिनाटीच्या नावाने घेत आणि इंडियानापोलिसला पाठवत. बाकीच्या मालकांचा संताप रास्तच होता.

१८९९ च्या मोसमानंतर साखळीने ‘अमेरिकन लीग’ हे नाव घेतले. १९०० मध्ये नॅशनल लीगने १२ पैकी ४ संघ कमी केले. मोकळ्या झालेल्या क्लीव्हलंडमध्ये ग्रँड रॅपिड्सचा संघ गेला आणि कॉमिस्कींचा संघ शिकागोला आला. १९०१ मध्ये जॉन्सन यांनी जुना करार झुगारून प्रमुख साखळीचा दर्जा जाहीर केला. नॅशनल लीगने पगाराची कमाल मर्यादा २,४०० डॉलर ठेवल्याने नाराज खेळाडू जॉन्सन यांच्या साखळीकडे वळले. मूळ आठांपैकी डेट्रॉइट तेवढा आजही त्याच शहरातून त्याच साखळीत खेळतो.

१९०० पासून डेन्व्हर, ओमाहा आदी शहरांत चाललेली याच नावाची साखळी वेगळी आहे.