विलगीकरण कुणाचं, अलगीकरण कुणाचं?

मार्च २०२० मध्ये परदेशातून मुंबईत उतरणाऱ्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईचा शिक्का मारत होते. त्यांतल्या बहुतेकांना ना ताप होता, ना खोकला. तरी गाडीतले प्रवासी तो हात बघून 'ह्याला झालाय' म्हणत चार हात लांब सरकायचे. शिक्क्यावर लिहिलेलं होतं 'होम क्वारंटाइन', म्हणजे अलगीकरण. लोकांनी वाचलं विलगीकरण.

लोकांचा तरी काय दोष? बातम्यांत दोन्हींसाठी सर्रास 'गृह विलगीकरण' हा एकच शब्द छापून येत होता. ज्याला आजार झाल्याचं ठरलंय, किंवा लक्षणांवरून तसा दाट संशय आहे, त्याला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण, आयसोलेशन. जो धडधाकट आहे पण रुग्णाच्या संपर्कात आलाय, त्याला लक्षणं उमटतात का हे बघेपर्यंत थांबवून ठेवणं म्हणजे अलगीकरण. पहिल्याजवळ रोग आहे. दुसऱ्याजवळ फक्त शक्यता आहे, म्हणून दोघांना एकाच खोलीत कोंडलं तर शक्यतेचा रोग व्हायला वेळ लागत नाही.

खरी गल्लत दिवस मोजताना होते. विलगीकरणाचे दिवस लक्षणं दिसल्यापासून किंवा तपासणीपासून मोजतात, आणि रुग्ण इतरांना लागण देऊ शकतो तोवर ते चालतं. गोवरात पुरळ उठल्यावर चार दिवस. अलगीकरण मोजायचं ते शेवटच्या संपर्कापासून, आणि त्याची लांबी ठरते रोगाच्या अधिशयन काळावरून, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत लागणाऱ्या वेळावरून. कोविडच्या सुरुवातीला धरलेले १४ दिवस तिथूनच आले. निपाहसाठी २१.

समजा, वडिलांना कोविड झाला आणि त्यांना दहा दिवस वेगळं राहायला सांगितलं. घर दोन खोल्यांचं, संडास एकच, आणि जेवणाचं ताट, औषधं, कपडे सगळं आई बघतेय. अकराव्या दिवशी वडील मोकळे होतात आणि घरात वाटतं, सुटलो. पण आईचा शेवटचा संपर्क दहाव्या दिवसाचा. जुन्या हिशेबानं तिचे १४ दिवस तेव्हा कुठे सुरू होतात, म्हणजे सेवा करणारीच सगळ्यांत शेवटी, चोविसाव्या दिवशी सुटते. मध्येच तिसऱ्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून हा हिशेब तुटत नाही. तपासणीत सापडण्याइतका विषाणू तेव्हा वाढलेला नसू शकतो. धारावीत शाळा आणि सभागृहं अलगीकरणासाठी घ्यावी लागली ती याच अडचणीपोटी. दहा बाय दहाच्या खोलीत आणि सार्वजनिक संडासाच्या रांगेत संपर्क थांबवायचा कसा?

हा भेद पुण्याला नवा नव्हता. १८९७ च्या प्लेगात गोरे सोल्जर घरोघर झडती घेत. आजारी माणूस इस्पितळात जाई आणि घरातली बाकीची माणसं सेग्रिगेशन कॅम्पात. म्हणजे कागदावर विलगीकरण आणि अलगीकरण अगदी चोख वेगळं. पण रँडच्या कारभारात ते ज्या उद्दामपणे राबवलं गेलं, त्यामुळे लोक रुग्ण लपवू लागले. शिवाय गाठीच्या प्लेगचा मुख्य प्रसार उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं १८९८ मध्ये. ते सर्वमान्य व्हायला आणखी वर्षं गेली. माणसं हलवली, उंदीर घरातच राहिले. त्याच १८९७ चा साथरोग कायदा महाराष्ट्रानं १३ मार्च २०२० ला पुन्हा काढला, हा योगायोग मला अजून खटकतो.

डेंग्यूत रुग्णाच्या घरच्यांना अडकवून काही साधत नाही. तिथं मच्छरदाणी आणि पाण्याची पिंपं बघायची. लक्षणं दिसण्याआधीच माणसाकडून माणसाला पसरणाऱ्या रोगात अलगीकरणाचा सर्वाधिक उपयोग, आणि कांजिण्या त्यातल्याच. पुरळ यायच्या एकदोन दिवस आधीपासून त्या पसरतात. समजा, घरात थोरल्या मुलाला कांजिण्या आल्या. त्याच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की त्याचं विलगीकरण संपतं. धाकटीला लस किंवा आधी कांजिण्या झालेल्या नसतील, तर तिची पाळी संपर्कापासून १० ते २१ दिवसांत कधीही येऊ शकते. थोरला शाळेत जायला लागला तरी कॅलेंडरवरची तिची खूण पुसू नका, आणि तोवर घरात कुणी गरोदर पाहुणी येणार असेल तर तिला आधीच फोन करा.