झूर आणि झुर्ने: फ्रेंचमधले दोन 'दिवस'

फ्रेंचच्या पहिल्याच तासाला 'झूर' शिकवतात: दिवस. पुढे 'झुर्ने' भेटतो आणि शब्दकोशात त्याच्यासमोरही 'दिवस'च लिहिलेलं असतं. मग विद्यार्थी हाताला लागेल तो शब्द वापरतात, आणि तिथेच घोळ होतो.

झूर म्हणजे मोजायचा दिवस. आठवड्याचे सात, सुट्टीचे तीन, 'रोज' या अर्थी 'तू ले झूर'. झुर्ने हा तोच दिवस, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत काढलेला, कामात किंवा भटकण्यात गेलेला. 'आज दिवसभर पाऊस होता' हे बोलताना 'तूत ला झुर्ने' असंच येतं. रोजंदारीवरच्या माणसाला पैसे मिळतात ते 'आ ला झुर्ने', कारण मजुरी त्या दिवसात केलेल्या कामाची असते.

खरी कसोटी लागते ती दुकानात. पॅरिसच्या बेकरीत शिरताना 'बाँझूर' म्हणायचंच. न बोलता थेट पाव मागणं तिथे उद्धटपणाचं मानतात. पाव घेऊन निघताना मात्र 'बॉन झुर्ने' म्हणायचं, कारण आता शुभेच्छा उरलेल्या दिवसासाठी आहे. (झूर पुल्लिंगी, झुर्ने स्त्रीलिंगी, म्हणून आधी 'बाँ' आणि मग 'बॉन'.) संध्याकाळी हीच जोडी 'बाँस्वार' आणि 'बॉन स्वारे' अशी होते. 'बॉन न्वी' फक्त झोपायला जाणाऱ्याला. जेवून निघालेल्या पाहुण्याला ते म्हणू नये. कॅनडातल्या केबेकमध्ये निरोप घेतानाही 'बाँझूर' ऐकू येतं, तेव्हा तिथे दचकायचं कारण नाही.

सकाळचंही तसंच: मातँ आणि मातिने. आपला मॅटिनी शब्द याच मातिनेवरून आला. फ्रेंच नाट्यगृहात मात्र 'आँ मातिने' म्हणजे दुपारचा प्रयोग.

वर्षाची जोडी आँ आणि आने. वय सांगताना आँ, कारण ती मोजणी आहे. 'कॉलेजचं दुसरं वर्ष' म्हणताना आने. 1 जानेवारीला दोन्ही एकत्र येतात: त्या तारखेचं नाव 'झूर द लाँ', आणि त्या दिवशी एकमेकांना म्हणतात 'बॉन आने', कारण शुभेच्छा समोरच्या अख्ख्या वर्षाला असते. 'गेल्या वर्षी' म्हणायला मात्र आँ आणि आने दोन्ही चालतात. तिथे डोकं शिणवू नका, जे आधी तोंडात येईल ते बोला.